सागांवरचा तांबडा उजेड

पहाटे धुकं उतरतं तेव्हा तू त्याच्याहून पांढरी दिसतेस. कपाळावरचा दिवा तेवढा तांबडा. स्तब्ध.

मॅटाडोर हे तुझं नाव आकुर्डीच्या कारखान्यानं ठेवलेलं. इकडे ते कुणाच्या तोंडी नव्हतं. दवाखान्याची गाडी. एवढंच.

भंगारात सापडलीस तेव्हा तुझ्या पोटात घाणेरी फुलली होती. पाटे मातीत रुतले होते. मग मी वेचत गेले, राखेतून अस्थी वेचाव्यात तसं : चांद्याच्या भंगारवाल्याकडून दिव्याची काच, कुठून स्ट्रेचर, कुठून पांढऱ्या खांद्याचा काळा ऑक्सिजन सिलिंडर, सलाइनची बाटली टांगायचा आकडा, सोबतच्या माणसांचं लाकडी बाकडं. त्याला नवी फळी बसवताना हात थांबला. जुन्या फळीची कड घट्ट धरून धरून गुळगुळीत झालेली. ती तशीच ठेवली.

सगळं जागच्या जागी आलं. रात्र आली नाही.

ती रात्र. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी मी, पायांना इंजिनाच्या झाकणाची धग, मागे कुणाची तरी लेक कळा सोसतेय, भामरागडहून आलापल्लीकडे 60-65 किलोमीटरची ती वाट, पेरमिलीचा काळोख, काचेच्या फटीतून आत येणारा मोहाचा वास, आणि सायरन बंद, कारण त्या रानात बाजूला हो म्हणायचं तरी कुणाला, फक्त दिवा फिरतोय, आणि त्याचा तांबडा उजेड एका सागाला हात लावून दुसऱ्याकडे, दुसऱ्याला लावून तिसऱ्याकडे चाललाय, जणू सगळं अरण्य झोपेतून उठून वाटेवर आलंय आणि काही न विचारता उभं आहे.

मग रडणं ऐकू यायचं. कधी बाळाचं. कधी आईचं.

कधी कुणाचंच नाही. तेव्हा बाबा खटका दाबून वरचा दिवा बंद करायचे. गाडी हळू व्हायची. आता घाई नसायची.

त्या रानातले उजेड मोजके. हेमलकशात 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा उपचार कंदिलाच्या उजेडात व्हायचे. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हे सगळं चांद्याचंच रान. उजेड हातातून हातात येत गेला. तुझ्यापर्यंत आला.

2014 पासून 108 ची गाडी येते. येऊ दे, भरभरून येऊ दे. पण मी तुझ्याशी बोलतेय.

वायर जोडून एकदाच तुझा दिवा लावला. भिंतीवर फिरला. पुन्हा भिंतीवर. पुढे साग नव्हते. मी खटका दाबला.

बाबा असते तर गाडी हळू केली असती.

तुझ्याआधी एक होती. खाट. सुंभानं विणलेली, दोरांनी बांबूला टांगलेली, खांद्यांवरून चाललेली. तिलाही इथं, या संग्रहात आणायचं होतं, तुझ्या शेजारी, पहिल्या जागेवर.

आणता आली नाही. पर्लकोटा नदीला पूर चढला की पलीकडच्या पाड्यांतली माणसं आजही आजाऱ्याला तिच्यावरच निजवून निघतात. ती अजून कामावर आहे.