पंखामागची खिडकी

आईने दीक्षाभूमी आजवर रेल्वेनेच गाठली, तीही बहुधा दारापाशी पथारी टाकून. यंदा गुडघे बोलू लागले, म्हणून मुंबईहून विमानाने निघालो. जागा नेमकी पंखामागे मिळाली.

"एवढं धूड वर राहतं कसं?" आईने विचारले.

"इंजिन असतं ना."

"इंजिन एसटीलाही असतं!"

खरेच होते. इंजिन फक्त पुढे ढकलते. किंचित वर तोंड केलेला पंख वेगाने जाताना हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर उचलते. उड्डाणाआधी पंखामागच्या रुंद पट्ट्या खाली उतरल्या, त्या कमी वेगातही जास्त उचल मिळावी म्हणून.

पुढे पंखाच्या टोकाकडची लहान फळी हलली, विमान एका अंगावर कलले. आईने माझे मनगट गच्च धरले.

"पडत नाही, वळतंय," मी म्हणालो. पंख कलला की उचलही कलते, तीच विमानाला वळवते. नाक वर-खाली करणाऱ्या फळ्या शेपटाला असतात, त्या आम्हाला दिसल्या नाहीत.

नागपुरात सोनेगावला चाके टेकताच पंखावर काही पट्ट्या ताडकन उभ्या राहिल्या. उचल मोडते, भार चाकांवर येतो, ब्रेक धरतात.

या विमानतळाला 2005 साली बाबासाहेबांचे नाव मिळाले. बाहेरची पाटी आईने अक्षरे जुळवत वाचली. मग म्हणाली, "परतीला खिडकी मलाच."