कानाडोळा

आमच्या घरी मनी नावाची एक कबरी मांजर आहे. तिची वाचकांस ओळख करून देण्याचे कारण तिचे गुण नव्हेत, तर तिचा डावा कान होय. हा कान वाळलेल्या पिंपळपानासारखा आत चुरगळलेला असून, त्याचे बरेचसे श्रेय आमच्याकडे जाते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मनी वारंवार डोके झटकू लागली. मागील पायाने कानामागे खसाखसा खाजवावे, मग डोके सतरंजीवर घासावे, आणि नंतर जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने खिडकीत जाऊन बसावे, असा तिचा क्रम चालला होता. आमच्या कन्येने ही गोष्ट दोन-तीनदा आमच्या कानांवर घातली. आम्ही उत्तरपत्रिका तपासण्यात गढलो होतो. ‘मांजरे खाजवायचीच’ असे एक व्यापक विधान करून आम्ही तो विषय निकालात काढला. प्राध्यापकाच्या धंद्यात व्यापक विधानांची खोड फार लवकर जडते. पुढे हाक मारली तरी मनी येईनाशी झाली, तेव्हा मात्र आमच्या विद्वत्तेस जाग आली. डार्विनने १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात निळ्या डोळ्यांच्या मांजरी बहिऱ्या असतात असे लिहिले, व नंतरच्या एका आवृत्तीत ‘पांढऱ्याशुभ्र आणि निळ्या डोळ्यांच्या’ अशी दुरुस्ती केली, हे आम्ही जेवताना सविस्तर सांगितले.

“पण बाबा, आपली मनी कबरी आहे आणि तिचे डोळे पिवळे आहेत,” एवढेच कन्या म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने मनीस मांडीवर घेऊन कानाची पाळी उलटून दाखवली. निरोगी मांजराचा कान आतून फिकट गुलाबी असतो, त्यात मळ जवळजवळ नसतो व त्यास वासही येत नाही, हे आम्हांस आता ठाऊक आहे. मनीच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ साचला होता. येथे तरी डॉक्टर गाठावयास हवा होता. परंतु त्या सुमारास आमच्या आत्याबाई राहावयास आल्या होत्या. लसणाच्या पाकळ्या घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडा, अशी त्यांनी आज्ञा केली. लहानपणी आमच्याही कानांत हे तेल पडलेले आहे. पुराव्यावाचून काहीही मानू नका, असे वर्गात आम्ही पंचवीस वर्षे बजावीत आलो. पण या वेळी आम्ही पुरावा मागितला नाही. खरे सांगावयाचे तर त्यात दवाखान्याची एक खेप वाचत होती.

मनीस टॉवेलात गुंडाळून आम्ही तेल घातले, आणि काडीला कापूस गुंडाळून मळ कोरून काढण्याचा उद्योगही केला. ती ओरडली नाही. तिच्या अंगास सुटलेला कंप मात्र आमच्या हातांस कळत होता. चौथ्या दिवशी सकाळी तो कान फुगलेल्या पुरीसारखा टम्म झालेला दिसला.

पशुवैद्य वयाने तरुण होते आणि, आमच्या सुदैवाने, आमचे विद्यार्थी नव्हते. त्यांनी दिव्याच्या नळीतून कानात पाहिले, मळाचा एक कण काचेवर घेतला व आम्हांस सूक्ष्मदर्शकास डोळा लावावयास सांगितले. एक पांढुरका, आठ पायांचा जीव तेथे वळवळत होता. हे किडे गोचिडीच्या दूरच्या नात्यातले. अंगास अंग लागले की ते एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातात; पिल्लांत व बाहेर भटकणाऱ्या मांजरांत त्यांचा उपद्रव विशेष असतो. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते. त्यामुळे काडीने मळ निघत तर नाहीच, उलट वळणापाशी जाऊन ठासला जातो. कानाचा पडदा फाटलेला असता तर आमचे तेल मधल्या कानात उतरले असते. लसूण तर मांजरास विषारी. अंग चाटता चाटता तो पोटातही जातो. आणि सूज कशाची? खाजवून व झटकून पाळीतील रक्तवाहिनी फुटली होती, आणि कातडी व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचले होते.

“ती बहिरी नाही,” ते म्हणाले. “डोक्यास हात लागला की दुखते, म्हणून ती तुमच्याजवळ येत नव्हती.”

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. इतकी सौम्य कानउघाडणी आमची कधी झाली नव्हती, आणि इतकी लागलीही नव्हती.

भूल देऊन त्यांनी रक्त काढले व पाळीस टाके घातले. निघताना आणखी काही गोष्टी बजावल्या. खाजवण्यामागे नेहमी किडेच असतात असे नाही. बुरशी असेल, जंतू असतील, तरुण मांजराच्या कानात वाढलेली गाठही असेल. म्हणून मागच्या खेपेची उरलेली बाटली पुढच्या खेपेस उघडू नये. मान एका बाजूस कलली, चालताना झोक जाऊ लागला किंवा बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलू लागली, तर दुखणे आतल्या कानापर्यंत पोहोचले असे समजून त्याच दिवशी यावे. कुत्र्याचे गोचिडीवरील औषध मांजरास कदापि लावू नये. त्यांतील काहींत परमेथ्रिन असते व त्याने मांजर दगावते.

औषध घरातील बोक्यासही द्यावे लागले, जरी तो स्वतः खुशाल होता. आठव्या दिवशी मनीचे खाजवणे थांबले, आणि आम्ही औषधही थांबवणार होतो. पण अंड्यापासून पुरता किडा होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, हे कन्येने नीट ऐकून घेतले होते. ती दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारी. बाटली मुठीत धरून औषध कोमट करावे, थेंब सोडून कानाचे मूळ बोटांनी हळूहळू चोळावे, मनीस डोके झटकू द्यावे, आणि जे बाहेर येईल तेवढेच कापसाने टिपावे, हे सारे काम तिनेच केले. आम्ही टॉवेल धरून उभे राहिलो.

कान बरा झाला, परंतु आकसला. तो आता तसाच राहणार. मनी हाक मारली की येते. आमच्या हातात टॉवेल दिसला मात्र की ती कपाटावर चढते. कन्येच्या हातात तोच टॉवेल असला तर ती चढत नाही.