आधी 'बहनो', मग 'भाइयो'

मंचरला अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. दोन मशिनी, एक लांब टेबल आणि फळीवर रेडिओ. माप घेताना अब्बा मराठीत बोलत, हिशेब उर्दूत लिहीत आणि मला दखनीत रागवत. रेडिओवर अमीन सायानींचा आवाज आला की तिन्ही भाषा बंद. मशिनीवरचा पायसुद्धा थांबायचा.

माझ्या लहानपणी गीतमाला विविध भारतीवर लागायची. १९८९ पासून ती तिथे आली होती. अब्बांच्या आठवणी मात्र सिलोनच्या. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना जवळजवळ दार बंद झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायच्या आणि तिथून दर बुधवारी रात्री तो आवाज आपल्या गावांत यायचा. मधेच खरखर व्हायची, आवाज लांब जायचा. अब्बा म्हणत, "आम्ही श्वास धरून बसायचो."

मला गाण्यांपेक्षा ती सुरुवात आवडायची, 'बहनो और भाइयो'. बहिणी आधी! दुकानात बसणारे सगळे पुरुष, शिलाईचं काजं-बटण करणारी मी एकटी मुलगी. मला वाटायचं, हा माणूस आधी माझ्याशी बोलतोय.

बी.एड.ला असताना माझा मराठीचा पाठ होता. पाठ झाल्यावर निरीक्षक म्हणाले, "तयारी चांगली आहे, पण तुमच्या 'ळ'वरून कळतं." काय कळतं, ते ते बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजही नव्हती. उर्दूत 'ळ' नाही. आमच्या घरी 'बाळ' आणि 'बाल' यांत फार अंतर नसायचं. त्या रात्री वसतिगृहात मी 'कळ, नळ, फळ' घोकत बसले. रडलेही.

पुढे कधीतरी सायानींच्या एका मुलाखतीतून कळलं की तरुणपणी आकाशवाणीच्या हिंदी विभागाने त्यांनाही नाकारलं होतं. कारण, उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप! ज्यांच्या बोलण्याची नक्कल अख्खा देश करायचा, त्यांचा तलफ्फुज कुणाला तरी खटकला होता. त्यांची भाषा घडली ती आईजवळ. कुलसुम सायानी प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायच्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं. नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत, सोप्या हिंदुस्तानीत. अमीन त्या कामात मदत करायचे. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला अडखळू न देणारी भाषा त्यांनी तिथे कमावली. पुढे क्रमांकाला त्यांनी 'पायदान' म्हटलं, तेही कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी काय केलं ते सांगते. आता मी जुन्नरला उर्दू आणि मराठी शिकवते. गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या वर्गातला एक मुलगा धडा वाचताना 'शाळा'ला 'शाला' म्हणाला. मी थांबवलं. पुन्हा 'शाला'. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा वर्ग हसला आणि मीही थोडी हसले. त्यानंतर त्याने वाचणं बंद केलं. नाव पुकारलं की नुसता उभा राहायचा.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी गेले, वय ९१. दुसऱ्या दिवशी मी घरी 'गीतमाला की छाँव में' लावलं. म्हातारपणी त्यांनी जुनी गाणी पुन्हा निवडून, त्यांच्या गोष्टी सांगत केलेली ही मालिका. मधेच तो ओळखीचा आवाज आला आणि मला तो उभा राहिलेला मुलगा आठवला. निरीक्षकांची खुर्ची मी कधी घेतली, मलाच कळलं नव्हतं.

मी त्याची एकट्याची माफी मागितली. तो "नाही मॅडम, काही नाही" म्हणाला आणि पळाला. पुढचे कित्येक महिने मी त्याला वाचायला उठवलं नाही, नुसतं बोलतं ठेवलं. वर्गात मुलांना त्या आवाजाची, त्या नाकारलेल्या तरुणाची गोष्ट मात्र सांगितली.

२१ डिसेंबरला शनिवार होता, सकाळची शाळा. परिपाठात दिनविशेष कोण वाचणार, असं विचारल्यावर तोच पुढे आला. त्या तारखेला, १९३२ साली, अमीन सायानींचा जन्म झाला होता. त्याने कागद दोन्ही हातांनी धरला. 'गीतमाळा' म्हणाला; जिथे 'ल' हवा तिथे नेमका 'ळ' आला! दोघं-तिघं हसले. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

मी काही दुरुस्त केलं नाही. मराठीत ते बरोबरच आहे.