पटावर एकेचाळीस

आमच्या घरात निकालाच्या दिवशी पेढे आणायचे की नाही, हे एकाच प्रश्नावर ठरत आलेलं आहे. "नंबर कितवा?" मार्क किती, टक्के किती, हे सगळं नंतर. पहिला नंबर आला तर पेढे, दुसरा आला तर गुळाचा खडा, आणि तिसरा आला तर आमचे आण्णा दिवसभर कुणाशी बोलत नसत.

त्यामुळं २०२३ सालच्या एक मेला चौथीतली नात प्रगतिपुस्तक नाचवत घरी आली, तेव्हा मी सवयीनं चष्मा लावला आणि विचारलं, "नंबर कितवा?"

"अ-१," ती म्हणाली.

"ती श्रेणी झाली गं. नंबर कितवा?"

"आजोबा, नंबर नसतो."

"नसतो म्हणजे? वर्गात कुणीतरी पहिलं असेलच की!"

"आम्ही अकरा जण अ-१ आहोत," तिनं सांगितलं. अकरा जण पहिले! माझ्या डोळ्यांसमोर आण्णांचा चेहरा आला. एवढ्या गर्दीत पेढे आणायचे की गूळ, हे त्यांनाही सुचलं नसतं.

आमची सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं मला समोर बसवून समजावलं. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. (हे नाव एका दमात म्हणणं हीच मला एक तोंडी परीक्षा वाटते.) चौथीला शंभरातले साठ गुण वर्षभरातल्या आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, गृहपाठ वगैरेंचे, आणि उरलेले चाळीस सत्राअखेरच्या संकलित परीक्षेचे. नव्वदच्या वर अ-१, ऐंशीच्या वर अ-२, असं उतरत उतरत इ-२ पर्यंत एकूण नऊ पायऱ्या. आमच्या वेळी दोनच पायऱ्या होत्या. पास आणि नापास. आणि दुसऱ्या पायरीखाली आण्णांची चप्पल.

शिवाय प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. सूनबाई रात्री भाकरी-भांडी आटोपून नोंदवह्या घेऊन बसते. एकदा मी डोकावलो. 'स्वतःहून प्रश्न विचारतो,' असं एका मुलाच्या पुढं लिहिलं होतं. हे कौतुक आहे, हे मला जरा वेळानं कळलं. आमच्या गुरुजींच्या लेखी हा गुन्हा होता आणि त्याला दोन छड्या ठरलेल्या होत्या.

"बाबा, तुमचा कितवा यायचा?" सूनबाईनं विचारलं.

"पहिला," मी म्हणालो. हे खरं आहे. माझ्या ट्रंकेत पुरावा आहे. पाचवी, १९७४.

आता पुरावा आहे म्हटल्यावर सगळंच सांगितलं पाहिजे. आमचं गाव पाटोद्याकडच्या डोंगराळ भागातलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आण्णा गावात पोस्टमास्तर, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार येणारं घर. वर्गात हजेरी नावानं नव्हे, नंबरानं होई. मी सतरा. माझ्या शेजारी सोळा बसायचा. आम्ही एकमेकांना हाकाही तशाच मारायचो. त्याच्या आईनं एकदा मला विचारलं होतं, "बाबा, तुझं नाव काय रं? ह्यो नुसता सतरा सतरा करतंय."

सोळाला गणित यायचं. येणं म्हणजे कसं, तर गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहून खडू ठेवेपर्यंत हा उत्तर सांगून मोकळा. सहामाहीला त्याचा पहिला नंबर आला, माझा दुसरा. नंबर काढायची गुरुजींची पद्धत साधी होती. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर सगळ्यांची बेरीज मांडायची, आणि दोघांची सारखी आली तर अक्षराचे दोन मार्क इकडंतिकडं करायचे. माझं अक्षर चांगलं होतं. पण सोळाची बेरीज एकोणीस मार्कांनी पुढं होती. तिथं अक्षर काय करणार! आण्णांनी गुळाचा खडा हातावर ठेवला आणि म्हणाले, "कोयत्यावाल्याच्या पोरानं मागं टाकलं तुला."

दसरा झाला आणि गावात मालट्रक आले. मुकादमाची उचल आधीच घेऊन, खर्चून झालेली. बैलं, गाड्या, पातेली, कोंबड्या, म्हाताऱ्या आणि पोरं असं सगळं ट्रकात चढलं. त्यात सोळा होता. गावात मागं राहिली ती म्हातारी माणसं, दुकानदार, आणि आम्ही पगारवाले. शाळेत पटावर एकेचाळीस पोरं. दिवाळीनंतर वर्गात उरली तेवीस. गुरुजी सवयीनं "सोळा?" म्हणायचे, जरा थांबायचे, मग "सतरा?" मी "हजर" म्हणायचो. ती मधली शांतता मी पाच-सहा महिने रोज ऐकली, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

वार्षिक परीक्षेत माझा पहिला नंबर आला.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाचला, आण्णांनी पेढे वाटले. प्रगतिपुस्तक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. त्यात 'क्रमांक' या रकान्यात १ होता, आणि खाली 'परीक्षेस बसलेले विद्यार्थी' या रकान्यात २३. आण्णा पुस्तक धरायचे ते असं, की खालच्या रकान्यावर बरोबर अंगठा यायचा. पोस्टात आयुष्यभर शिक्के मारलेला अंगठा. नेम चुकत नव्हता.

पट्टा पडून सोळाची टोळी चार दिवसांनी परत आली. मी त्याला पेढा नेऊन दिला. त्यानं तो खाल्ला आणि पहिली गोष्ट विचारली, "गणिताचा पेपर हाय का?" मी दिला. त्यानं दारातल्या टायरगाडीवर बसून तो तोंडानं सोडवला. एक उदाहरण माझं चुकलं होतं, तेही मला तिथंच कळलं. कारखान्यावर काय करायचास, म्हटलं, तर म्हणाला, लहान बहिणीला कोपीत सांभाळायचं, वाढ्यांच्या पेंढ्या बांधायच्या, आणि संध्याकाळी टोळीतल्या सगळ्यांच्या वजनाच्या पावत्या वाचून कुणाचा किती टन झाला ते सांगायचं. टोळीत वाचता येणारा तोच एक.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी त्याला लिंबाखाली उभा करून तोंडी घेतली आणि सहावीत घातलं. पण त्याच्या प्रगतिपुस्तकात क्रमांकाच्या जागी आडवी रेघ मारली. "पेपर दिला न्हाई, तर नंबर कसा देऊ रं?" गुरुजी म्हणाले. सोळाला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते गुरुजींना. कारण ती रेघ मारून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं.

पुढं २०२१ साली करोनामुळं दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा मला ही रेघ आठवली. नववीचे पन्नास गुण, दहावीच्या वर्षभरातल्या कामाचे तीस, आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस, असा हिशेब करून बोर्डानं निकाल लावला आणि ९९.९५ टक्के पोरं पास झाली. म्हणजे पेपर न देताही बेरीज करता येते, फक्त त्यासाठी अख्ख्या महाराष्ट्रानं एकदम गैरहजर राहावं लागतं. एकट्या सोळानं राहून भागत नाही.

सहावीला पुन्हा तेच झालं. सातवीला ट्रक गेले आणि आले, पण सोळा शाळेत आला नाही. आता त्याच्या हातात कोयता आला होता. सातवीत माझा पहिला नंबर आला, परीक्षेला एकोणीस.

सूनबाईच्या वर्गातही दिवाळीनंतर बाकं रिकामी होतात. आता गावोगाव हंगामी वसतिगृहं निघाली, त्यामुळं काही पोरं आजीजवळ राहतात. पण जी जातात त्यांच्या साठ गुणांच्या आकारिक रकान्यात काय भरायचं, यावर ती पेन हातात धरून बसलेली मी पाहिली आहे. मी काही बोलत नाही. या विषयात माझा पहिला नंबर आहे.

सोळा मला नंतर एकदाच भेटला. १९९१ साली मी बँकेत काउंटरवर होतो. पासबुकात व्याजाची नोंद करून मी हाक मारली, तर खिडकीसमोर एक उन्हानं रापलेला माणूस येऊन उभा राहिला. पासबुक उघडून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, वाचता येत नसेल. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "सतरा, ह्यात अकरा रुपये कमी लागल्यात बघ."

मी पुन्हा आकडेमोड केली. अकरा रुपये कमीच होते.