पाठीवरचं बिऱ्हाड

सुरतेत जुन्या बशींना तोटा नाही. दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद झाले की वराछा-कापोद्र्याकडून सौराष्ट्राकडे निघणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या रांगा ज्यानं पाहिल्या असतील, त्याला हे वेगळं सांगायला नको. त्या गाड्याही थकतात आणि मग कडोदऱ्याकडे एखाद्या मोकळ्या प्लॉटवर बाभळीखाली उभ्या राहतात. येणाराजाणारा त्यांत भंगार पाहतो. मला त्यांत ओटा दिसतो, पाळणा दिसतो, खिडकीशी निवडायला घेतलेली मेथी दिसते.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारे आम्ही खानदेशी. एक पाय लूमच्या कारखान्यात, दुसरा धुळे-नंदुरबारच्या शिवारात. इथली खोली भाड्याची, तिकडच्या घराला बारा महिने कुलूप. अशा माणसाला सोबत चालणारं घर हवंसं वाटलं, तर त्याला कोणी हौस म्हणू नये. मी तरी म्हणणार नाही.

असं घर करायला जुनी बस बघायला गेलं की मालक आधी पडदे दाखवतो, मग टीव्ही. आपण सरळ गाडीखाली शिरावं. चेसीला कुठे वेल्डिंगची ठिगळं आहेत का, स्प्रिंगच्या पाट्यांतला एखादा पाटा तुटलेला आहे का, ते बघावं. सुरतेत आणखी एक गोष्ट विचारावीच लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी कुठे होती? मालक सांगो न सांगो, गाडी सांगते. मागच्या कोपऱ्यातली प्लायवूड उचलून खालच्या चौकोनी पाइपात स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि भुकटीसारखा वाळलेला गाळ गंजासकट बाहेर आला, की दर विचारायचीसुद्धा गरज नाही. वरून पत्रा कितीही चकचकीत असो.

इंजिन गरम करून ऑइलचं झाकण काढावं. धूर ठोक्याठोक्यानं बाहेर फेकला जात असेल तर रिंगा गेल्या. तेवढ्यानं नाउमेद व्हायचं कारण नाही, कारण ते काम होतं. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या साथीनं जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले, त्या घराण्यातली जुन्या टाटा बशींची इंजिनं पंपापासून नोझलपर्यंत उघडता येणारी आहेत. तिथे बिघाड शोधायला लॅपटॉप लागत नाही. हायवेवरच्या कुठल्याही गावात पाना हातात घेतलेला कोणीतरी भेटतो. म्हणून मी जुन्याच गाडीच्या बाजूचा. आणि स्लीपरपेक्षा सीटवाली बस बरी. स्लीपरमध्ये बर्थ आयते मिळतात खरे, पण उंच गाडी घाटाच्या वळणावर झुलते. सीटा काढून टाकणं हे काही मोठं काम नाही. कागदांचं काम मात्र मोठं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊनच आतला बदल करावा, नाहीतर उभं केलेलं घर तपासणीत अडकतं.

आता आतलं सामान. ते फर्निचरच्या दुकानात शोधू नये. हजिऱ्याहून घोघ्याची फेरी धरावी. नोव्हेंबर २०२० मध्ये ही जलवाट सुरू झाली आणि रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडणारं अंतर समुद्रातून नव्वदवर आलं. घोघ्याहून अलंग लांब नाही. १९८३ पासून तिथे जगभरची जहाजं तुटताहेत आणि त्यांच्या पोटातलं सामान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘खाडा’ नावाच्या दुकानांत विकायला मांडलेलं असतं. तिथलं एक कपाट मी हातानं उघडून पाहिलं. खण नुसता ओढला तर येत नव्हता, आधी जरा वर उचलावा लागत होता. टेबलाला चारही बाजूंनी बोटभर उंच कठडा, बर्थला फळी, दार उघडं धरून ठेवायला पितळी आकडा. लाटांवर हलणाऱ्या घरात काय सांडतं, काय आपटतं, हे कुणीतरी पुरतं जाणून हे घडवलं होतं. गावाच्या वाटेवर सोनगडच्या पुढे लागणाऱ्या खड्ड्यांना याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. शेकडो वर्षं हजची जहाजं सोडलेल्या सुरतेतल्या माणसाला ते समुद्रावरून मिळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घर वाढत जातं आणि गाडीला वजन नको असतं. या दोघांत रोज समेट घडवावा लागतो. पाण्याची पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन झाला. ती मागे टांगायची नाही, दोन आसांच्या मध्ये, खाली बसवायची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. पंख्यादिव्यांची बॅटरी वेगळी, सेल्फची वेगळी. आणि सुरतेत राहूनही शेगडीजवळ पॉलिस्टरचा पडदा लावू नये. आमच्या लूमवर तेच कापड निघतं, आमचं पोट त्यावर चालतं, पण ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं. तिथे सुतीच हवं.

उधन्यातले एक फिटरकाका साक्रीकडचे. त्यांचं बोलणं अजून अहिराणीत. गाडीखालून तोंड बाहेर काढून म्हणाले, ‘‘भाऊ, गाडी उभी राहिनी म्हंजे मरनी.’’ ते खरं आहे. उभ्या बशीचे टायर एका जागी बसतात, ब्रेकचे ड्रम गंजतात, डिझेलच्या टाकीत पाणी सुटतं. आमच्याकडची हवा खारी आणि दमट, त्यात पावसाळा. एअर ब्रेकच्या टाकीखालचा कॉक फिरवला की फुस्सकन हवेबरोबर तेलकट पाणी उडतं. जूनपासून हे रोजच करावं लागतं. क्रॉस, किंगपिन, पाट्यांच्या पिना, सगळीकडे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. छताच्या सांध्यांना सीलंट मे महिन्यातच भरून घ्यायचं, कारण एकदा प्लायवूड भिजली की ती पुन्हा नीट बसत नाही.

गावी जाताना नवापूर ओलांडलं की आम्ही विसरवाडीला थांबतो. मुलं चहाला पळतात, मी चारही हबना हात लावून येतो. एखादा इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथेच जॅक लावायचा, कारण पुढे कोंडाईबारीचा घाट आहे. चारही सारखे कोमट असले, तर हवेचा काटा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, भांड्यांच्या खणांना आकडे लागलेत की नाहीत ते आईकडून वदवून घ्यायचं आणि खालच्या गिअरमध्ये घाटाला लागायचं.