अंगणवाडीच्या ताई

माझ्या लेकीच्या जिभेला आंबटाची ओळख करून दिली ती भिलारच्या अंगणवाडीताईंनी. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हिवाळ्यापासून घरोघरी स्ट्रॉबेरी असते. आमच्याकडेही शेजारून वाडगा यायचा. पण बाळाला आंबट कसं द्यायचं, खोकला होईल, असं जो तो म्हणे. ताई गृहभेटीला आल्या आणि त्यांनी आधी विचारलं, "सहा महिने पुरे झाले न्हवं? नाचणीची पेज घेती? मग द्या की. नाचणीतलं लोह अंगी लागायला सी व्हिटॅमिन लागतं, ते ह्यात हाय."

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. हे फळ जमिनीलगत वाढतं, त्यावर औषधफवारणी होते, म्हणून वाहत्या पाण्याखाली नीट धुतलं. पूर्ण पिकलेलं, मऊ निवडून देठ काढला, पार कुस्करलं आणि अर्धा चमचा पेजेत कालवलं. साखर घातली नाही. वर्षाच्या आत मध तर चाटवायचासुद्धा नाही, त्यातले जंतू तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात, हे बजावलं. करवंदं, तुती अशी फळं अख्खी कधीच द्यायची नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. करवंदाच्या बिया काढायच्या. बाळ ताठ बसलेलं हवं. पुढचे तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नको. तोंडाभोवती नुसती लाली आली तर बहुधा आंबट रसाची, पुसून लक्ष ठेवायचं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर तडक दवाखाना.

पहिल्या चमच्याला लेकीनं डोळे गच्च मिटून तोंड वाकडं केलं. मी वाटी बाजूला घेणार, तोच ताई म्हणाल्या, "आंबटाला तोंड वाकडं व्हणारच. परत उघडतंय का ते बघा." उघडलं. नसतं उघडलं तर आग्रह करायचा नाही, चार दिवसांनी पुन्हा द्यायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

बाळाचं पोट बाळाला कळतं, आपण नीट बघायचं आणि थांबायचं, ही समज मला त्यांनी दिली. ना नात्याच्या, ना गोत्याच्या. मानधनावर घरोघरी फिरणाऱ्या त्या बाईंनी माझ्या स्वयंपाकघरात बसून मला आई व्हायला शिकवलं. लेक आता कोकम, चिंच, करवंदं आवडीनं खाते. तिच्या त्या आवडीत ताईंचा वाटा आहे, आणि त्यांच्या ऋणात राहण्यात मला आनंद आहे.