मिस्त्रीचा हप्ता

चि. सोनू,


फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र बंड्याबरोबर पाठवतेय. "मिस्त्रीचा हप्ता अडकवलाय, आता बघ कसा सुतासारखा सरळ येतो," असं हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही. तो येत नाही म्हणून तू पैसे थांबवलेस, की पैसे थांबले म्हणून तो येत नाही?

शनिवारी बिगाऱ्याला खर्ची द्यावी लागते. मिस्त्री ती तू दिलेल्या हप्त्यातूनच देतो. खर्ची चुकली की सोमवारी बिगारी नाक्यावर उभा राहून दुसऱ्या कामावर जातो. मग मिस्त्रीने एकट्याने येऊन काय रेती चाळत बसायचं? आणि त्याला 'ए मिस्त्री' म्हणणं बंद कर, तुझ्या वडिलांच्या वयाचा माणूस आहे.

फुकट पैसे उधळ असं मी म्हणत नाही. वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या करा. तोडफोड, पाइप, लादी, रंग, जो टप्पा पुरा होईल त्याचे पैसे त्याच दिवशी. माल कोणाचा, डेब्रिजच्या गोण्या खाली कोण नेणार, हेही लिही. अर्धी भांडणं त्या गोण्यांवरूनच होतात. मधेच लादी बदलावीशी वाटली तर दर आधी विचार. शेवटचे थोडे पैसे राखून ठेव, पण ते त्याला आधीच सांगून.

लल्लूभाई कंपाउंडची आपली खोली सगळी मिळून 225 चौरस फूट. रुळांकडचं घर सुटल्यावर तिथे आलो, तेव्हा आजी घरातला नळ उगाचच सोडून बघायची. आठवतं ना? त्या नळाखालचीच नहाणी तू फोडली आहेस, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. वॉटरप्रूफिंग एकदा लादीखाली गेलं की ना तुला दिसणार, ना मला. रागावलेला मिस्त्री तिथे कोबा किती जाड घालेल, सांग बरं.

लादी बसवण्याआधी जाळीचं भोक गच्च बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेव. पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलची खूण कर. खालच्या काकूंकडे स्वतः जा, त्यांच्या नहाणीचं छत हाताने चाचपून बघ. बल्बच्या भोवती ओल दिसली तर आधी बटण बंद करायला सांग, कारण-बिरण नंतर विचार. पाऊसही तोंडावर आलाय. मिस्त्री ओट्यासाठी पिलर थोडा तासू म्हणाला, तर मात्र ठामपणे नाही म्हण. 'काही होत नाही' हे त्याचं म्हणणं ऐकू नकोस, आणि पिलर तासायचं तूच त्याला सुचवलं नाहीस ना?

उद्या शनिवार. झालेल्या कामाचे पैसे आज रात्रीच दे, आवाज न चढवता. मग मला फोन कर, कितीही वाजले तरी. मी जागी आहे.

तुझी,
मावशी